प्रत्येकाच्या हातची गोळी

कोरेगाव, रविवार १ फेब्रुवारी १९९८

वर्ष लागून महिना झाला, डायरी अजून कोरीच. भाचा यशराजनं दिली आहे. तो औषध कंपनीचा माणूस. लोणंदपासून कराडपर्यंतचे सगळे डॉक्टर त्याच्या ओळखीचे. त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाला कुठल्या तरी गोळीचं नाव छापलेलं आहे. धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजा. पोरानं आठवणीनं मामासाठी एक राखून ठेवली, हे काय थोडं झालं!

लिहायला बसलो ते आज बरं वाटलं म्हणून. दिवाळीपासून घरात दुखण्याशिवाय दुसरा विषय नाही. हिचं, म्हणजे लीलाबाईंचं, छातीचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी मिरजेला झालं. तेव्हा वाटलं, सुटलो. पण तो आजार परत आला आणि काखेतल्या नसांना जाऊन बसला. डाव्या हाताला आधी मुंग्या, मग आग, मग कुणी आतून सुरी फिरवतंय असं. मिरजेच्या डॉक्टर आम्रपालीबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. अफूचीच जात म्हणून मी आधी घाबरलो होतो. बाई म्हणाल्या, "सुभेदार, दुखण्याला घाबरा, गोळीला नको." देव त्यांचं भलं करो. निम्मं दुखणं गेलं.

उरलेलं निम्मं मात्र हिच्या जिभेवर येतं. सकाळी माझ्या आमटीचा भुरका मारला आणि म्हणाली, "ही आमटी हाय का इहिरीचं पाणी? फौजेत ह्येच घालत व्हता व्हय जवानांना?" मी फौजेच्या सप्लाय खात्यात होतो, लंगरमध्ये नव्हतो. हे तिला लग्नापासून सांगतोय.

गुरुवार ५ फेब्रुवारी

पॅसेंजरनं मिरजेला जाऊन आलो. हिला खिडकीशी जागा देणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या त्या कामगाराचं नाव विचारायचं राहिलं.

आम्रपालीबाईंनी नसांच्या आगीसाठी एक नवी कॅप्सूल लिहून दिली. मॉर्फिन चालूच, त्याच्या जोडीला ही, रात्री एक. म्हणाल्या, "दोन्हींनी झोप येते, म्हणून थोड्यावर सुरू करू. घरात दुसरं काही औषध चालू आहे का?"

मी म्हणालो, "काही नाही."

आमच्या नानासो डॉक्टरांची पुडी चालू आहे, पण ती काय सांगायची! नानासो गावातले, लेक संयोगिता जन्मली तेव्हापासून आमच्या घरचे डॉक्टर. खलबत्त्यात गोळी कुटून कागदाच्या पुडीत बांधून देतात, ताकदीची म्हणतात. ते औषध कमी आणि आशीर्वाद जास्त. शिवाय बाईंपुढं गावच्या डॉक्टरचं नाव काढलं आणि त्यांनी नाक मुरडलं, तर नानासोंचा अपमान मीच केल्यासारखा. ही काही तरी बोलणार होती, तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

सोमवार ९ फेब्रुवारी

ही रात्रभर झोपली! दिवाळीनंतर पहिल्यांदा. सकाळी म्हणाली, "हात जळतोय, पर लांबून जळतोय. शेजाऱ्याच्या शेतात पाचट पेटल्यागत." आम्रपालीबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला. देवीला नारळ फोडला.

सोमवार १६ फेब्रुवारी

नानासो स्कूटरवरून आले. हिचा हात बघितला, चौकशी केली. मिरजेला फक्त तपासणीला जातो, असंच आम्ही त्यांना सांगत आलोय. मॉर्फिन तिथून येतं हे त्यांना ठाऊक आहे, पण कॅप्सूलचं मी बोललो नाही. इतकी वर्षं ज्यांनी आमचा ताप-खोकला बघितला, त्यांना 'दुखणं मिरजेनं थांबवलं' असं कुठल्या तोंडानं सांगू?

तेच म्हणाले, "सुभेदार, नसांसाठी आता लय चांगलं औषध आलंय. वहिनींसारख्या पेशंटला हल्ली सगळीकडं ह्येच देत्यात. पुडीत घालून देतो." आणि दुपारची पुडी बदलून दिली. फी घेतली नाही. मी दोन्ही हातांनी घेतली. देणाऱ्याचा हात मोडू नये.

शुक्रवार २७ फेब्रुवारी

यशराज येऊन गेला. नवा टाय, नवी मोटारसायकल. दारातूनच ओरडला, "मामी, जेवायला हाय का काय?" हिनं डोळे उघडून हसून बघितलं आणि पुन्हा मिटले. एरवी उठून भाकरी थापायला बसली असती.

जेवताना त्याच्या धंद्याच्या गप्पा. नसांच्या त्या औषधाचं नाव गेल्या साली आपल्या भागात कुणाला माहीत नव्हतं. आता मॉर्फिनवरचा पेशंट दिसला की डॉक्टर जोडीला ते लिहितातच. "एकानं लिवलं की दुसरा लिवतो मामा, मागं ऱ्हाऊन चालत न्हाई. आमच्या नानासोंना बी मीच पटवलं." बॅगेतून नमुन्याच्या पट्ट्या काढून त्यानं हिच्या उशाशी ठेवल्या. "मामीला रात्री झोपताना एक. फुकट हाय, काळजी करू नका. मिरजेनं काय काय दिलंय?"

मी म्हणालो, "मॉर्फिन."

खोटं नव्हतं. पण त्याच्या तोंडावर काय आनंद होता! लहानपणी हिनंच त्याला सांभाळलं, आता तो मामीसाठी काही आणू शकतो. तो आनंद काढून घ्यायचा मला धीर झाला नाही. त्याच्या पट्टीचा रंगही वेगळा, नावही वेगळं. थोडा फायदा जास्तच होईल.

तेव्हा आता बंदोबस्त असा: दुपारी नानासोंची पुडी, मिरजेची रात्रीची कॅप्सूल आता संध्याकाळी, झोपताना यशराजची. मॉर्फिन त्याच्या त्याच्या वेळेला. आयुष्यभर सप्लाय सांभाळला, एक वेळ चुकू देत नाही. मनात येतं, एका बाईसाठी किती हात राबतायत! आमच्यासारखं नशीब कुणाचं?

मंगळवार १० मार्च

हिचा स्वभाव पार बदललाय. दुखणं माणसाला चिडकं करतं म्हणतात ते खरं. ते गेलं आणि आतली गोड बाई बाहेर आली. आज मी आमटीत मीठ घालायचं विसरलो. मला स्वतःला ती खाववली नाही. ही मात्र गपचूप जेवली. घास तोंडात धरूनच थोडा वेळ बसली, पण नाव ठेवलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

काल न्हाणीत जाताना हिचा झोक गेला. नव्या सपाता निसरड्या आहेत, बदलायला हव्यात.

शेजारच्या बनाबाई आल्या होत्या. त्यांनी बराच वेळ हिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "लय गप झाल्या की लीलाक्का."

मी म्हणालो, "आराम पडलाय."

शनिवार २८ मार्च, पाडवा

गुढी मी एकट्यानंच उभारली. हिला हात धरून दारापर्यंत आणलं, तर चौकटीला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, कवा आलास?" दादा म्हणजे तिचा भाऊ, त्याला जाऊन किती तरी वर्षं झाली. मला हसू आलं. सणाला माहेर आठवणारच.

पूजेला बसलो तेव्हा मनात एकच होतं, की वर्षाची सुरुवात बिनदुखण्याची झाली. ज्यांच्या ज्यांच्यामुळं झाली त्यांची नावं घेतली. यादी लांबली, गुढीवरचा हार तोवर सुकला.

सोमवार ६ एप्रिल

संयोगिता इस्लामपूरहून आली आहे. वर्षाची चटणी करायची म्हणून दर एप्रिलला येते. मिरच्या भाजून, मसाले घालून, डंकावर कांडून आणायच्या. चार घरची चटणी हिच्या हातची जाते. यंदा ही पडून सांगेल आणि लेक करेल असं ठरलं होतं.

पण आल्या आल्या लेक माझ्यावरच उखडली. "आण्णा, आई अशी कशी? लवंगा किती घालायच्या इचारलं तर 'बरं' म्हणाली. 'बरं' हे काय उत्तर हाय का?"

मी म्हणालो, थकलीय.

"थकली न्हाई. आई हितं न्हाईच हाय."

माझाही पारा चढला. म्हणालो, "ती रात्ररात्र ओरडायची तेव्हा तू इस्लामपुरात होतीस. आता सुखानं झोपते ते बघवत नाही का तुला?" पोरगी रडत परसात गेली. वाईट वाटलं, पण ज्यांनी एवढं केलं त्यांच्या औषधाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

शनिवार ११ एप्रिल, सातारा

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. डायरी पिशवीत कशी आली कळत नाही. लिहिल्याशिवाय डोक्यात जुळणार नाही.

गुरुवारी मिरच्या भाजायला घेतल्या. परसात चूल, कढईत तेल, बनाबाई हलवायला, संयोगिता मिरच्या टाकायला. ब्याडगी झाली, संकेश्वरी घेतली आणि वारा फिरला. सगळा धूर मागच्या दारानं घरात. असा ठसका उठला की विचारू नका! बनाबाई पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या, लेक खोकून खोकून वाकली, माझ्या डोळ्यांतून धारा. गल्लीतून शिव्या आल्या. समोरच्यांचा बैलसुद्धा शिंकला.

मी खिडक्या उघडायला आत धावलो. मागून बनाबाई आल्या आणि हिच्या खाटेजवळ थांबल्या. धूर तिथंही दाटला होता. त्यांनी माझा दंड धरला.

"सुभेदार," त्या म्हणाल्या, "ह्या खोकल्या न्हाईत."

मी म्हणालो, "झोपलीय."

"आवं, मिरचीच्या धुरात मेल्यालं माणूस बी खोकंल. ह्या का खोकनात?"

तेव्हा मी बघितलं. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच नीट बघितलं असेन. ओठ निळसर. एक श्वास यायचा, मग दुसऱ्याची वाट बघावी लागायची. हाका मारल्या, हलवलं, गालावर पाणी मारलं. पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी.

नानासो पायात चप्पल न घालता आले. बघितलं आणि म्हणाले, "काय काय चालू हाय? सगळं काढा."

आणि मी थांबलो. बायको खाटेवर श्वास विसरून पडलेली आणि मी विचार करतोय, की नानासोंसमोर मिरजेची कॅप्सूल कशी काढू? यशराजच्या पट्ट्या बघून त्यांना काय वाटेल? क्षणभरच. पण थांबलो. संयोगितानं डबाच उचलून खाटेवर पालथा केला.

नानासोंनी पट्ट्या उचलल्या. चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली. एकीवरची, मग दुसरीवरची. मग ते हिच्या पायाशी बसले.

"कंपन्या दोन, नावं दोन, औषध एकच हाय सुभेदार. माझ्या पुडीत बी ह्येच. तिप्पट जातंय, ते बी मॉर्फिनवर."

यशवंतनगरच्या एका भल्या माणसाची जीप मिळाली. साताऱ्याला पोचेपर्यंत नानासो हिची हनुवटी वर उचलून धरून होते, आणि संयोगिता सारखी "आई, श्वास घे, आई, श्वास घे" म्हणत होती. इथं आल्याबरोबर मॉर्फिनचा उतारा म्हणून एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं हिनं डोळे उघडले आणि किंचाळली. महिन्याभराचं दुखणं एकदम अंगावर आलं असावं. ती ओरडत होती आणि मला आनंद झाला होता. असा आनंद कुणाला होऊ नये.

अजून दोन-तीन दिवस इथं ठेवणार आहेत. उताऱ्याचा जोर ओसरला की पुन्हा गुंगी येऊ शकते, म्हणून सिस्टर सारखी श्वास बघून जाते. तिचं नाव विचारून घेतलं, दीपमाला.

सोमवार १३ एप्रिल, सातारा

यशराज आला. कॉटच्या दांड्याला धरून लहान पोरासारखा रडला. "मामा, मी इचारलं व्हतं तुमास्नी." विचारलं होतंच. आम्रपालीबाईंनीही विचारलं होतं. सगळ्यांनी विचारलं आणि सगळ्यांचं मन राखून मी उत्तरं दिली.

नानासो रोज एसटीनं येतात. आज बाहेर चहा घेताना म्हणाले, "मिरजेचं औषध सांगायला काय झालं व्हतं? मी काय रुसलो असतो?"

"रुसला असता," मी म्हणालो.

त्यांनी बशीतला चहा संपवला. "व्हय. दोन दिवस रुसलो असतो. मग आलो असतो की. आन चूक माझी बी हाय. पुडी बांधली, पर त्यात काय हाय ते कागदावर लिवलं न्हाई. वडलांनी कवा लिवलं न्हाई, म्हणून मी बी न्हाई."

या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला कळेना. चहाचे पैसेही त्यांनी देऊ दिले नाहीत.

मंगळवार २१ एप्रिल

मिरज. या खेपेला नानासो सोबत होते. मीच नेलं त्यांना. आम्रपालीबाईंसमोर सगळं ओतलं, काही राखलं नाही. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नानासोंना खुर्ची दिली, आणि दोघं डॉक्टर आमच्या घरच्यासारखं हिच्या हाताबद्दल बोलत बसले. मी उगाचच एवढे दिवस दोन गावांमध्ये भिंत बांधून बसलो होतो.

बाई म्हणाल्या, "औषध वाईट नाही, सुभेदार. मॉर्फिनही नाही. दोन्ही एकत्र लिहायची आता रीतच पडलीय, मीही लिहिते. फायदा होतो. पण दोन्ही मिळून श्वास दाबतात, म्हणून हिशेब एकाच हातात पाहिजे. गेला महिना त्या कशा होत्या?"

सवयीनं मीच बोललो. "शांत होती. स्वभाव एकदम गोड झाला होता."

"ती मी न्हवते," ही म्हणाली.

ही बाईंकडं बघून बोलत होती, माझ्याकडं नाही. "दुखत व्हतं तवा मी व्हते तरी. मागनं मी कुठं गेले मला म्हाईत न्हाई. लांबनं ह्यांचा आवाज यायचा. सांगावं वाटायचं, पर तोंडापतूर शब्द यायच्या आदी झोप यायची. आन ह्ये खूष." मग म्हणाली, "बाई, मी बरी व्हनार न्हाई, ते ठावं हाय मला. मरायला भीत न्हाई. पर हाय तवर मला माझी अक्कल जागी पायजे. हात थोडा जळू द्या, चालंल."

आजवर त्या खुर्चीत बसून तिच्या दुखण्याची उत्तरं मी देत होतो. तिला कुणी विचारायचं ठेवलंच नव्हतं मी. गाडीत परत येताना खिडकीकडं तोंड केलं आणि रडलो. नानासोंनी पेपर उघडून तोंडासमोर धरला, भला माणूस.

आता असं ठरलंय: मॉर्फिन कमी करून वेळेवर, कॅप्सूल एकच, रात्री. फारच दुखलं तर मॉर्फिनचीच एक छोटी गोळी वर, पण तिनं स्वतः मागितली तर. बदल करायचा तर मिरज ठरवणार, नानासो दर आठवड्याला श्वास आणि डोळे बघणार आणि मिरजेला फोन करणार. यशराजनं आपण होऊन पट्ट्या परत नेल्या.

सोमवार ४ मे

चटणी झाली. उशिराच, पण झाली. हिनं खुर्चीत बसून लेकीला आणि बनाबाईंना असं काही फैलावर घेतलं, की डंकावरची माणसं काम सोडून बघत होती. संयोगिता काल इस्लामपूरला गेली. जाताना हसत होती.

आज दुपारी लाईट गेली. मी पंख्यानं वारा घालत होतो. हिचा चेहरा आवळत चालला होता, कपाळावर घाम. दुखतंय ते कळत होतं. मी छोटी गोळी आणायला उठलो.

"बसा," ती म्हणाली. "मागितली का मी?"

बसलो. तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं. थोडा वेळ नुसता श्वास आवरत राहिली. मग म्हणाली, "येक इचारू? त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानता. नानासोंचे मानता, पोराचे मानता. दवाखान्यात त्या सिस्टरचं नाव लिवून घेतलं. रेल्वेत खिडकी दिली त्या माणसाला बी नमस्कार केला. आयुष्यभर बघत आले, समद्या जगाचे आभार मानता तुमी."

"मग? मानू नयेत?"

"मानावं की. मला कवा म्हणाला का?"

फौजेत होतो तेव्हा वर्षाचे दहा महिने हिनं घर, शेत, लेक आणि माझे आईवडील एकटीनं ओढले. मी रजेवर यायचो, जेवायचो, आणि स्टेशनवर पोचवायला आलेल्या टांगेवाल्याला 'मेहेरबानी' म्हणून गाडीत बसायचो. घरच्या माणसाचे कुठं कुणी आभार मानतं का, आमच्याकडं तशी रीतच नाही. पण हे बोलायला तोंड उघडलं आणि ते खोटं वाटलं.

तिचं दुखणं वाढत होतं. ती माझ्याकडं टक लावून बघत होती, पूर्ण जागी. तिनं गोळी कशासाठी लांबवली होती ते तेव्हा मला कळलं.

मी म्हणालो. शब्द काय होते ते इथं लिहीत नाही. थोडेच होते आणि मला ते नीट म्हणताही आले नाहीत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "आता द्या गोळी."